अकरा फोटोंखालची भूमिती

आपल्याला वेबसाइट करता येत नाही, हे मला वेबसाइट पूर्ण झाल्यावर कळलं. तोवर सगळ्यांना, माझ्यासकट, मला ती येते असंच वाटत होतं.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवतो. तेव्हा शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. वर्ष संपलं की संस्था मला कायम करण्याचा प्रस्ताव वर पाठवणार आणि त्यावर अध्यक्षसाहेबांची सही लागणार. त्या सहीपायी मी इतका नम्र झालो होतो की शाळेच्या शिपायालाही चुकून 'सर' म्हणायचो. तोही 'बोला' म्हणायचा.

वेबसाइटमागची कल्पना मात्र वाईट नव्हती. आजही मी ती सोडायला तयार नाही. फळ्यावर प्रमेय लिहिलं की पोरं ते डोकं बाजूला ठेवून वहीत उतरवतात. त्यापेक्षा एका वेळी एकच पायरी दिसावी, पोरानं 'हे असं का?' म्हणून जरा थांबावं, मग 'पुढची पायरी' हे बटण दाबावं. दिवाळीच्या सुट्टीत जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर बसून मी त्रिकोणाचे सगळे धडे असे पायऱ्यापायऱ्यांचे केले. बायको म्हणाली, "फराळाला तरी या, का तोही पायरीपायरीनं आणून देऊ?"

सुट्टीनंतर साइट मुख्याध्यापकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिली.

"लई छान आहे की हो सर. पण पहिल्या पानावर अध्यक्षसाहेब कुठंयत?"

"सर, ही भूमितीची साइट आहे."

"असू दे की. भूमिती काय संस्थेच्या बाहेर आहे?"

मी अध्यक्षसाहेबांचा फोटो टाकला. मग उपाध्यक्ष राहिले म्हणून उपाध्यक्ष, मग चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, संचालक आणि सर्वांत शेवटी, आग्रहाखातर, स्वतः मुख्याध्यापक. एकूण अकरा. फोटो लग्नांचे अल्बम करणाऱ्या फोटोग्राफरकडून आले होते. प्रत्येकाची मिशी केस न् केस मोजता येईल इतकी स्वच्छ. ते लहान करावेत असं मला एकदा वाटलं होतं. पण सहीच्या तोंडावर अध्यक्षसाहेबांना लहान करायचं म्हणजे काय! दोन संचालक एका ओळीत आले, तर त्यातल्या एकांचा फोन आला, 'आम्ही त्यांच्या शेजारी बसत नाही.' मग प्रत्येकाला स्वतंत्र ओळ दिली. धडे गेले सगळ्यांच्या खाली.

उद्घाटन जोरात झालं. लॅपटॉपला हार घातला, कळफलकाला हळदकुंकू वाहिलं. अध्यक्षसाहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या. त्रिकोण कुणी पाहिला नाही.

पहिल्या पानावर मी एक आकडा बसवला होता, त्या आठवड्यात साइट किती वेळा उघडली ते दाखवणारा. वर्गात पोरं बासष्ट. पहिल्याच आठवड्यात आकडा तीनशेच्या वर गेला! मुख्याध्यापक दर सोमवारी तो अध्यक्षसाहेबांना फोनवरून कळवू लागले. मी वर्गात जाहीर करून टाकलं, "आता प्रमेयं फळ्यावर उतरवून देणार नाही. साइटवर बघायची."

आणि गृहपाठाच्या वह्या आल्या त्या कोऱ्या.

मला काही समजेना. पोरं आठवड्यातून चार-चार वेळा साइट उघडतात आणि बाह्यकोन म्हणजे काय ते एकालाही सांगता येत नाही? मी वर्गात विचारलं, "साइट कुणी कुणी उघडली?"

सगळे हात वर.

पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. "काय बघितलंस?"

"अध्यक्षसाहेब, सर."

"बरं. मग?"

"मग उपाध्यक्ष."

"अगं, त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढं नेट संपलं, सर."

वर्ग खदखदून हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, मी खजिनदारापर्यंत पोचलोय!" त्याला टाळ्या पडल्या. मला वाटलं, कार्टी माझी थट्टा करताहेत. घरी जाऊन वायफायवर बघितलं तर साइट डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडत होती. म्हणजे साइट ठीक आहे, पोरंच लबाड आहेत, असा मी निष्कर्ष काढला. गणिताच्या माणसानं.

त्या शनिवारी पालकसभा होती. मी माइक हातात घेऊन सांगितलं, की मुलं अभ्यासाच्या नावाखाली फोन घेतात आणि भलतंच बघत बसतात, पालकांनी लक्ष द्यावं. खाली बसलेल्या बायांपैकी एक उठली. त्याच पुढच्या बाकावरच्या मुलीची आई. घरी विड्या वळते, घरात फोन एकच, तोही तिचा. तो तिनं माझ्यापुढं धरला.

"सर, तुमीच उघडून दावा की. पोरगी रोज रडतीय माझ्यापाशी."

मी हसत फोन घेतला. पत्ता टाकला. आधी अध्यक्षसाहेबांचा फेटा आला. मग बऱ्याच वेळानं कपाळ. सगळी सभा माझ्याकडे बघत होती आणि मी अध्यक्षसाहेबांचे डोळे येण्याची वाट बघत होतो. नाकापर्यंत आल्यावर फोन गरम झाला आणि पडदा काळा पडला. मी पुन्हा उघडला. पुन्हा फेटा.

"असंच होतंय बघा," बाई म्हणाली. "पाच-पाच येळा उघडती."

तीनशेचा हिशेब मला तिथं, माइक हातात असताना लागला. आकडा शिकणाऱ्यांचा नव्हता. परत परत अडकणाऱ्यांचा होता.

सभा संपल्यावर मुख्याध्यापकांच्या मागे धावलो. "सर, फोटो काढायला लागतील."

"काढा की," ते शांतपणे म्हणाले. "प्रस्ताव अध्यक्षसाहेबांच्या टेबलावर आहे. आधी त्यांचा फोटो काढता की आधी सही घेता, तुम्ही ठरवा. मी यात नाही."

मी ठरवलंच नाही. भित्रा माणूस जे करतो ते केलं. साइट तशीच ठेवली आणि गुपचूप दुसरं पान केलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, त्रिकोण, बटण, बस. त्याचा पत्ता फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार आली, "सर, ही साइट अजून झालेली नाही वाटतं. एकपण फोटो नाही."

पण वह्या भरून येऊ लागल्या. पुढच्या बाकावरची ती मुलगी तिसऱ्या पायरीवर अडली आणि चक्क भांडायला आली, की मधली एक पायरी मी खाल्लीय. खरंच खाल्ली होती. मी खूश!

पुढच्या सोमवारी मोठ्या साइटचा आकडा नऊवर आला. त्यातल्या चार वेळा मुख्याध्यापकच होते. त्यांनी तो इमानदारीनं कळवला आणि मला निरोप आला, अध्यक्षसाहेबांनी बोलावलंय.

त्यांच्या ऑफिसात टेबलावर माझा प्रस्ताव होता, त्यावर त्यांचं कोपर.

"काय हो सर, पोरं कुठं गेली?"

वाटेत तीन थापा तयार केल्या होत्या. ऐन वेळी एकही आठवेना, म्हणून खरं सांगितलं. पोरं दुसऱ्या पानावर आहेत. तिथं फोटो नाहीत.

"माझा?"

"नाही, साहेब."

"कुणाचाच?"

"नाही, साहेब. फोटो आले की भूमिती उघडत नाही."

त्यांनी फोन काढून ते पान उघडायला सांगितलं. बटण दाबलं. परत दाबलं. तिसऱ्या पायरीवर थांबले.

"हे एकशेऐंशी कुठनं आले?"

मी उठून त्यांच्या लेटरहेडवर त्रिकोण काढला, एक बाजू पुढं वाढवली, सरळ रेषेवरचे दोन कोन दाखवले. ते "हां हां" म्हणाले, पण ते 'समजलं'वालं होतं की 'पुरे'वालं, ते ओळखू आलं नाही. वर्गातही मला ते कधी ओळखू येत नाही. मग त्यांनी कोपर उचललं, पेन काढलं आणि प्रस्तावावर सही केली.

मी कागद उचलून वाकून नमस्कार केला. दारापर्यंत गेलो, तर मागून हाक आली. त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं होतं. आत नवा फोटो, नव्या कोटातला.

"हा त्या मोठ्या साइटवर टाका. जरा मोठा टाका. आता तिथं कुणाची अडचण नाही."

ते चिडून म्हणाले, चेष्टेनं म्हणाले, की त्यांनी अगदी व्यवस्थित विचार करून तोडगा काढला होता? जिना उतरून गाडीला किल्ली लावली तरी ठरवता आलं नाही. मुख्याध्यापकांना विचारलं, तर त्यांनी पाकीट उघडून फोटो बघितला आणि म्हणाले, "कोट झकास आहे." संध्याकाळी मी तो टाकला. पान उघडायला आता माझ्या वायफायवरही वेळ लागतो.