उंबऱ्याच्या आत राष्ट्रभाषा

हिंदी भाषेची माझ्या मोठ्या दाजींनी घेतली तेवढी काळजी भारत सरकारनंही घेतली नसेल. हिंगोली जिल्ह्यात साखरा गावाच्या अलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा. घरात आमची गोरमाटी बोली, बाजारात मराठी, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. दाजींचं भागत नव्हतं. तरुणपणी सहा महिने इंदूरला हमाली करून आले आणि तेव्हापासून शेळ्यांनासुद्धा "हटिए, हटिए" म्हणू लागले. शेळ्या ढिम्म. मग दाजी इकडंतिकडं बघून गोरमाटीत एक शिवी हासडायचे, की कळप सरळ.

भाची अंगणवाडीत जायला लागली तसा दाजींनी घरात नियम केला: उंबऱ्याच्या आत फक्त राष्ट्रभाषा. गोरमाटी बोलायची तर अंगणात जायचं. माझ्या बहिणीला, अक्काला, हिंदीचे चार शब्द यायचे, त्यातले दोन सिनेमातले. त्यामुळं घर मुकं आणि अंगण भरलेलं. मीठ संपलं हे सांगायलाही बिचारी पिठाच्या हातानं बाहेर यायची. भांडायचं झालं तर आधी दाजीच चप्पल घालायचे, कारण त्यांची हिंदी रागाला पुरत नसे.

अंगणवाडीत पालकांची बैठक झाली, तिथं दाजी उभे राहिले. "बाई, लेकरांला हिंदीच शिकवा. मराठी हिंगोलीच्या ठेसनापर्यंत पुरते. गाडी तर फुडं जाते!"

एक म्हातारी म्हणाली, "अन् लेकराला भूक लागली तर ते कोन्त्या भाषेत सांगल रे?"

"भूख लगी है," दाजी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

भाची मात्र अंगणवाडीत तोंडच उघडेना. बाईंनी काही विचारलं की उठायची आणि दाराबाहेर जाऊन उभी राहायची. बाईंना वाटायचं, लघवीला लागली. दोन महिन्यांनी त्यांनी दाजींना बोलावलं. "पोरगी मुकी वाटून राहिली हो. हिंगोलीला डॉक्टरला दाखवा."

दाजींचं तोंड एवढंसं झालं. सोबत मी गेलो. डॉक्टरांनी नाव विचारलं. भाची खुर्चीवरून उतरली, व्हरांड्यात गेली, आणि तिथून तिनं खणखणीत गोरमाटीत आपलं नाव, आईचं नाव, आणि बाप घरात बोलू देत नाही, हेही सांगितलं.

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं. दाजींनी व्हरांड्यात जाऊन लेकीला कडेवर उचललं.

घरी आल्यावर ते उंबऱ्याच्या आत बसले आणि अंगणात उभ्या लेकीला गोरमाटीत म्हणाले, "आत ये. इथं बोल."

हसतो खरा, पण पाचवीत शाळा सोडलेल्या मला हळदीची पोती उचलता उचलता हिंदी शिकवली ती याच माणसानं. तिच्या जोरावर आज मी इंदूरला गोदामात मुकादम आहे. ते उपकार फिटायचे नाहीत. माझी लेक इथं बालवाडीत जाते. "घर में भी हिंदी ही बोलिए," मॅडम सांगतात आणि मी मान हलवतो. पोरगी मागं पडली तर, ही धाकधूक असतेच. परवा दाजींचा फोन आला. लेकीनं फडाफडा हिंदीत उत्तरं दिली. दाजी खूश झाले असतील म्हणून मी फोन कानाला लावला. पलीकडून हळूच, "आपली बोली कळते का रे तिला?"

"समझती है ना, दाजी," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, त्यांनी गोरमाटीत विचारलं होतं.