बर्थाची मूठभर माती

हर्बर्ट आमच्या वसईचा. बावीस वर्षं अबुधाबीच्या एका हॉटेलात चादरी धुतोय. माणूस कामाचा, अक्कल मात्र उशिरा येते. बायको, बर्था, गेली तेव्हा हॉटेलात ईदची गर्दी. यानंच मेव्हण्याला फोनवर सांगितलं, "माझ्यासाठी मयत ठेवू नका. डिसेंबरात येतो, कबरीपाशी निवांत बसेन."

डिसेंबर आले नि गेले. आमच्याकडं कबरस्तानात जागा थोडी. मुदत सरली की कबर उकरतात, हाडं सामायिक खड्ड्यात जातात, जागा पुढच्या मयताला. हर्बर्टला हे ठाऊक नव्हतं होय? त्याचा बापच कबरी खणायचा.

या जानेवारीत मुलीचा, क्लेअरचा, फोन आला. "डॅडी, मम्मीची कबर उघडली. तिथं आता दुसरं कोणी आहे." मग म्हणाली, "मूठभर माती काढून ठेवलीय. येणाऱ्या कोणाबरोबर पाठवते."

माती आली, लोणच्याच्या बरणीतून. राहिलेली मूठमाती द्यायची, पण कुठं? तेवढ्यात स्टाफची सहल सर बनी यास बेटावर निघाली. तिथं हजारावर वर्षं जुना ख्रिस्ती मठ सापडलाय, असं कळलं. हर्बर्टनं बरणी रुमालात बांधून घेतली. आपल्या लोकांची जमीन, एवढंच त्याच्या डोक्यात.

मठ कसला, बुटक्या भिंती. जिथं देऊळ होतं, आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात, तिथं अडवायला बांधलेल्या दोरीपाशी बसून त्यानं बरणीचं झाकण फिरवलं. रखवालदार अक्रम आला. पेशावरचा.

"चाचा, क्या डाल रहे हो?"

"मिट्टी. बीवी की कबर की."

अक्रम म्हणाला, "इधर का कुछ उठाना नहीं, बाहर का कुछ डालना नहीं."

"मुठ्ठीभर तो है."

"मुठ्ठीभर के लिए ही मुझे खडा किया है, चाचा." मग हळू विचारलं, "जनाजे में नहीं गए थे?"

"मैंने ही बोला, मत रुको."

अक्रमनं कुंपणापलीकडं बोट दाखवलं.

बाहेर, पांढऱ्या वाळूवर हर्बर्टनं माती टाकली. काळी, वसईची. गावात खड्डा बुजेपर्यंत उभं राहायचं असतं. इथं एका मुठीत काम आटोपलं. वारा माती पसरवत होता, तरी हा उभाच. बसवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, "यल्ला, चलो" म्हणून ओरडलाही. शेवटी अक्रमच दंडाला धरून त्याला बसपर्यंत घेऊन गेला.