सोलणीचं चित्र

व्हरमाँटच्या त्या डोंगरी गावात ॲसहेल टटहिल हा एकच चित्रकार होता, आणि गावाच्या मते तोही जास्तच होता. खाणावळीच्या पाट्या रंगवून तो पोट भरायचा. उरलेल्या वेळात नाल ठोकणारा लोहार, सफरचंदं सोलणाऱ्या बायका, प्रार्थनेत डुलक्या काढणारे म्हातारे, असलं काहीबाही रंगवायचा. जे रोज फुकट दिसतं ते भिंतीवर कशाला टांगायचं, असं लोक विचारत. त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा.

हल्दा पीझलीला मात्र तो आवडायचा. तीन वर्षं ती त्याच्या तोंडून लग्नाचा शब्द निघायची वाट बघत होती. हा बाबा ढिम्म. जीव होता तिच्यावर, पण बोलायचं म्हटलं की त्याला एखादी अर्धवट पाटी आठवायची.

शरदात मक्याची सोलणी असते. सगळं गाव एका कोठारात बसून कणसं सोलतं. ज्याला लाल कणीस सापडेल त्यानं हव्या त्या पोरीचा मुका घ्यायचा. पाद्रीबाबासुद्धा तेवढा वेळ छपराकडं बघतात. मुका घेतला की लग्न ठरल्यातच जमा. त्या वर्षी लाल कणीस ॲसहेललाच निघालं. तोंड न उघडता काम होणार होतं. देवानं आणखी काय द्यावं? हल्दानं लाजत मान वर केली. दारातून कलतं ऊन तिच्या गालावर आलं.

आणि या शहाण्यानं खिशातून पेन्सिल काढली.

"हल्दा, अशीच थांब. हलू नकोस."

ती थांबली. बराच वेळ थांबली. ऊन गेलं तशी उठली, झग्यावरची सालं झटकली.

"झालं ना तुझं काम? मग मी जाते."

बर्फ पडायच्या आत तिनं रूबेन गिरणीवाल्याशी लग्न केलं. ॲसहेल हमसून हमसून रडला आणि चित्राला लागला. कोठार, कणसं, माणसं पहिल्याच हिवाळ्यात झाली. तिच्या चेहऱ्याला सहा वर्षं लागली.

न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला धाडण्याआधी चित्र खाणावळीत टांगलं. अख्खं गाव येऊन गेलं, हल्दा आली नाही. रूबेन आला. टोपी हातात धरून चित्रासमोर उभा राहिला.

"सहा वर्षं संसार केला रे," तो ॲसहेलला म्हणाला. "माझ्याकडं हिनं असं एकदाही बघितलं नाही."

ॲसहेलनं त्याच संध्याकाळी चित्र उतरवलं आणि पेटीत घातलं.

न्यूयॉर्कात चित्राचं नाव झालं. पुढं तीस वर्षं त्यानं बायका रंगवल्या त्या पाठमोऱ्याच. शहरातले जाणकार म्हणाले, ही त्यांची शैली आहे.