उपाशी ठेवायच्या पेशी

कुणी उपाशी आहे म्हटलं की माझ्या ताईला राहवत नाही. पाहुणा "नको, नको" म्हणत असला तरी ही वाढतेच. मला तर अस्सा राग येतो! आणि नोकरी कसली, तर प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींना खाऊ घालायची. डिशमधलं जुनं लालसर पाणी, म्हणजे पेशींचं अन्न, काढायचं, ताजं घालायचं, डिश परत इन्क्युबेटरमध्ये. बावीस वर्षं हेच.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की या पेशींना लोहाची भारी हाव. रक्तातलं एक प्रथिन लोह वाहून नेतं, आणि या त्याला आपल्या दारात धरून आत ओढतात. ते दारच बंद करणारं औषध बाईंनी तयार केलं होतं. पण आधी, दार उघडं असताना लोह आत जातं, हे दाखवायला हवं. म्हणून त्या प्रथिनाला चमकणारा रंग लावलेला. पण पेशी काही केल्या चमकेनात! दोनदा फसलं. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं.

बुधवारी ताई तोंड पाडून घरी आली. "बाई रडत होत्या गं."

"तू काही घोळ घातला नाहीस ना?"

ती हळूच म्हणाली, "प्रयोगाआधी पेशींना चार तास उपाशी ठेवायचं असतं. मला बघवेना. दोन्ही वेळा थोडंसं घातलं."

"अगं, कॅन्सर आहे तो! त्याचे कसले लाड? उद्या जाऊन सांग."

"नोकरी जाईल माझी."

"गेली तर गेली!"

गुरुवारी तिनं सगळं सांगितलं. बाईंनी तिला कडकडून मिठी मारली. पेशींच्या अन्नातही तेच प्रथिन असतं, बिनरंगाचं. तेच दारात गर्दी करून बसलं होतं, म्हणून रंगवलेलं आत जाईना. बाईंचा विचार कुठंच चुकला नव्हता.

शुक्रवारी पेशी कडक उपाशी. ताई बाहेर येरझाऱ्या घालत होती. दुपारी मायक्रोस्कोपखाली पहिली डिश लख्ख चमकली. औषध घातलेली दुसरी मात्र काळीकुट्ट. साहेब म्हणाले, "काम चालू ठेवा."

ताईनं त्या काळ्या डिशकडे दोनदा निरखून बघितलं. "म्हणजे या आता उपाशीच मरणार?"

"उपाशीच," बाई म्हणाल्या.

"मरू देत मेल्या!" ताई म्हणाली, आणि इतक्या मोठ्यांदा हसली की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.