कुठी दुखते?

शालूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी सांगितलं, तर हातातली ओली चादर तशीच धरून म्हणाली, "अवं, पन या रविवारी जानार होतो ना आपन अकोल्याले..." हा रविवार आमच्या अमरावतीच्या घरात तीन वर्षं येत होता. मावशी काही थांबली नाही.

मावशी आईची धाकटी बहीण. अकोल्यात शाळेत इंग्रजी शिकवायची, लग्न केलं नाही. दहावीपर्यंत मी तिच्याकडेच राहून शिकले. कुणी तोंडदेखलं "सॉरी" म्हटलं की ती लगेच विचारायची, "कुठी दुखते?" हा शब्द म्हणे जुन्या इंग्रजीतल्या जखमेच्या, दुखण्याच्या शब्दातून निघालाय. सॉरी म्हणजे ज्याला दुखतंय तो. "माफी त्याले मागाहून चिकटली. आता तं पाय लागला सॉरी, उशीर झाला सॉरी..." एकदा तिला ऑटोचा धक्का लागला, ऑटोवाला सॉरी म्हणाला, तर हिचा तोच प्रश्न. तो बिचारा म्हणतो, "मले काय दुखंन मॅडम? लागलं तं तुमाले!" हे सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या लग्नात, हळदीच्या वाटीत बोटं बुडवून मावशी माझ्याकडे वळली आणि आईनं तिचं मनगट धरलं. "तू नको, शालू. सवाशिनीचं काम आहे." चारचौघांत! मला अजून त्याचा राग येतो. मावशी हात धुऊन आली आणि पंगतीत वाढायला उभी राहिली. पुढे माझ्याशी फोनवर भरभरून बोलायची, आईशी मात्र नाही. आईला चूक कळत होती, पण ताठा सुटेना. "मी मोठी आहो. मी कावून सॉरी म्हनू? आन् म्हटलं तं विचारंन, कुठी दुखते..."

तेरवी आटोपल्यावर आम्ही दोघी मावशीच्या खोलीत गेलो. खिडकीपाशी तिची वेताची खुर्ची, पाठीवर शाल टाकलेली. आई खुर्चीसमोर खालीच बसली. मग हळूच म्हणाली, "सॉरी, शालू."

खोलीत कुणी काही विचारलं नाही. मला रडू फुटलं. आईनं थोडी वाट पाहिली. मग मावशीचं मनगट धरलेला तो उजवा हात तिनं खुर्चीवर ठेवला.

"इथी," ती म्हणाली. "इथी दुखते."