अक्काचं बोट

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे चकवा-हडळीचे अनुभव वाचते, हसते आणि निवांत झोपते. जळगावात मेहरूणला माझं ई-सेवा केंद्र आहे. दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर घेणं हा माझा धंदा. अंगठा जुळला नाही की लोक घाबरतात, पण मला कारण ठाऊक असतं — केळीचा चीक, कापूस वेचून घासलेली कातडी, घाम, भेगा. पुसायचं, दुसरं बोट लावायचं, काम होतं. हे सगळं माहीत असूनही पुढचं लिहितेय... आणि लिहिताना अजूनही डोकं सणकतं, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या.

माझी मावशी इंदूअक्का धुळ्याला देवपुरात राहायची. तिथला रेशनवाला सवयीने प्रत्येक बाईचा अंगठा स्वतःच धरून मशीनवर दाबायचा. बाकीच्या बाया मुकाट हात पुढे करायच्या. अक्का त्याच्या हातावर फटकन चापट मारायची. "बोट मन्हं शे ना? मंग मीच ठेवसू. हात सोड मन्हा!" मग पदराने अंगठा पुसायची, सावकाश ठेवायची. आणि जुळायचा. रांग हसायची. मीही हसले आहे.

अक्काला दोन मुलं. मोठा प्रवीणभाऊ तिच्याजवळच राहायचा. धाकट्या छायाने बौद्ध मुलाशी लग्न केलं, तेव्हा हा प्रवीणभाऊ मित्रांना घेऊन त्या मुलाच्या गावी गेला आणि त्याच्या म्हाताऱ्या वडिलांचा हात मोडून आला. तक्रार झाली, मिटली. कशी मिटते ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. छाया आणि तिचा नवरा गाव सोडून गेले. कुठे, ते एकट्या अक्काला माहीत. "सापडू दे एकदाव, मंग दखसू तिले," असं प्रवीणभाऊ जेवताना, आईने वाढलेलं खाता खाता म्हणायचा.

छाया दुपारी, तो कामावर असताना, अक्काला व्हिडिओ कॉल करायची. म्हणून अक्काला फोनला कुलूप हवं होतं. ते मी लावून दिलं. तिने पॅटर्न काढला तेव्हा मी तोंड फिरवलं, धंद्याची सवय. वर शहाणपणाने सांगितलं, "अक्का, पॅटर्न कोणीही चोरून बघतं. तू आपलं बोटच लाव. बोट कोण नेणार?"

गेल्या उन्हाळ्यात अक्काला मेंदूचा झटका आला. शुद्ध गेली ती गेलीच. मी बसने धुळ्याला पोचले, भेटायच्या वेळेत वॉर्डात शिरले, तर प्रवीणभाऊ आईचा हात हातात धरून बसलेला. मला भरून आलं. म्हटलं, काही झालं तरी पोटचा पोरगा आहे.

जवळ गेले तर त्या हाताखाली फोन होता.

एकेक बोट वाकवून तो फोनवर दाबत होता. अंगठा, तर्जनी, मधलं... नाही उघडला की बोट आपल्या शर्टाला घासायचा आणि परत दाबायचा. मी म्हटलं, "भाऊ, काय करतोयस हे?"

"मन्ही मायना फोन शे, तुले काय करनं शे?" मान वर न करता तो म्हणाला.

वॉर्ड भरलेला होता. नातेवाईक, आया, नर्स — सगळे बघत होते. शेजारच्या खाटेजवळच्या एका गृहस्थांनी तर मदतही केली. "डावा अंगठा लावून पाहा ना, कधी कधी डावा घेतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईची पर्स उघडली असती तर हेच लोक चोर चोर ओरडले असते. इथे बाईचं बोटच वापरत होता, ती बेशुद्ध असताना, आणि लोक त्याला युक्त्या सांगत होते!

फोन उघडला नाही. तेव्हा मला त्याचं काही नवल वाटलं नाही. हाताला सूज होती, कातडी कोरडी पडलेली. बोट बरेचदा चुकलं की फोन बोट घेणं बंद करतो आणि पॅटर्न मागतो, तसा तो मागायला लागला. भाऊने चिडून फोन बंद करून चालू केला. त्याने तर उरलीसुरली आशाही संपली, कारण चालू झाल्यावर पॅटर्नशिवाय फोन कोणाचंच बोट घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली. दुपारी तिला घरी आणलं. सुरतेचे पाहुणे यायचे होते, पुरुष बाहेर तिरडी बांधत होते. आंघोळ घालायची म्हणून बायका पाणी आणायला गेल्या आणि खोलीत मी आणि अक्का उरलो. फडताळात तिचा फोन चार्जिंगला होता. संध्याकाळी भाऊ तो मोबाईल रिपेअरवाल्याकडे नेणार होता, सगळ्यांना सांगत होता. अंत्यविधीच्या दिवशी!

छायाला कळवायचं होतं, आणि तिचा नंबर त्या फोनशिवाय कुठेच नव्हता. मी फोन घेऊन अक्काजवळ बसले. तिच्या पदराने तिचा अंगठा पुसला. थंडगार होता. असं बोट फोन घेत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी म्हटलं, "अक्का, छायाला सांगायचंय. उघडू का?" आणि अंगठा धरायला गेले, तर धरवेना. रोज परक्यांचे दाबते, हिचा धरवेना. फोन तिच्या हाताजवळ चटईवर ठेवला, डोळे पुसले आणि उठून दाराला कडी लावली.

वळले तर फोन उघडा होता. अक्काचा अंगठा त्यावर होता. पदराने पुसला तसाच, नीट ठेवलेला.

मी ठेवला नव्हता. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

घाबरायला वेळ नव्हता. व्हिडिओ कॉलच्या यादीतला वरचाच नंबर लावला. पहिल्या रिंगला चेहरा आला आणि छाया हसून म्हणाली, "आई! किती वाट पाहिली गं..." मी कॅमेरा अक्काकडे फिरवला. पोरीने पदर तोंडात कोंबला. आवाज बाहेर गेला असता तर भाऊ दार तोडून आत आला असता, हे तिलाही कळत होतं. आईसाठी मोकळं रडायचीसुद्धा चोरी! शेवटी मलाच सांगावं लागलं, "येऊ नको." तिचा नंबर मी पाठ केला, मग फोनमधलं तिचं सगळं, अगदी सगळं पुसलं आणि फोन परत चार्जिंगला लावला.

रिपेअरवाल्याने फोन उघडून दिला. भाऊला काही मिळालं नाही. तो जळगावला माझ्या केंद्रावर येऊन ओरडला, "तूच उघडाना ना फोन?" मी त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं, "नाही." खरंच सांगत होते.

फोन कसा उघडला? त्याच रिपेअरवाल्याला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, ताई, असं होऊच शकत नाही. मलाही ते माहीत आहे. इथे कोणाकडे उत्तर असेल तर सांगा.

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाचा हात धरत नाही. मशीन पुढे सरकवते आणि माझे हात टेबलाखाली घेते. म्हाताऱ्या बायका सवयीने अंगठा माझ्याकडे देतात, मी धरावा म्हणून थांबतात. रांग खोळंबते, मागचे ओरडतात. ओरडू देत. "आजी," मी म्हणते, "बोट तुमचं आहे. तुम्हीच ठेवा."