शेणात थापलेलं बी

एकोणीसशे पंचावन्न साल. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शाळा माझी तिसरीतच सुटली, आणि हे जे लिहितोय ते कुणाला दाखवून सुधरवून घेतलेलं नाही. नात म्हणाली, आबा, मी वाचून बघते. म्हटलं, काही गरज नाही. चुकलं तर माझं चुकलं. एवढंसं वाक्य आज मला लिहिता येतंय. त्या वर्षी ते तोंडातून निघत नव्हतं. तेच सांगायचं आहे.

रिठदजवळच्या एका लहान गावात आमचं दोन खणांचं घर. मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं. बाप मी सहा वर्षांचा असतानाच गेलेला. घरात माय, मी, आणि लग्नाला दोन वर्षं झालेली माझी बायको. चूल मागच्या भिंतीला लागून होती आणि त्या भिंतीला साधं भोकसुद्धा नव्हतं. धूर सगळा घरातच फिरायचा. बायको पदरानं डोळे पुसत भाकरी थापायची. आलेल्या पाहुण्याला वाटायचं, पोरगी रडते, सासरी जाच असेल. ते मला फार झोंबायचं.

पौषात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली, केनवडकडे. भाऊ गाडी घेऊन आला होता. गाडी शिवेबाहेर पडली तेव्हाच मी ठरवलं, ही लेकरू घेऊन येईल तेव्हा मागच्या भिंतीला खिडकी असेल.

मायनं ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"घरची बाई दोन जिवाची असताना भिंतीले हात लावत नसतेत, बापू."

"ते तं केनवडले हाय. घरात कुठं हाय?"

"माहेरी गेली म्हून हे घर तिचं नाही राह्यलं काय?"

"माय, ह्या जुन्या गोष्टी मले सांगू नोको."

"दोन महिने थांब. खिडकी काही पयून नाही जात."

मी थांबलो नाही. धाब्याला टेकू दिले आणि दुसऱ्याच दिवशी भिंतीत सब्बल, म्हणजे पहार, घातली.

खरं सांगायचं तर त्या कामाइतका आनंद मला नंतर कोणत्याच कामात झाला नाही. माती कालवायची, तिच्यात कुटार, म्हणजे भुसा, टाकायचं, पायानं तुडवायची, मग आठ दिवस मुरू द्यायची. ती मुरली की लोण्यासारखी हाताला लागते. भिंत फोडताना आत काय काय निघालं! विळ्याचं एक पातं निघालं, फुटक्या बांगडीचा तुकडा निघाला. आणि एका ढेकळावर बोटांचे ठसे निघाले, चार बोटं आणि अंगठा, ओली माती दाबताना उठलेले. ही भिंत माझ्या बापानं घातली होती. मला त्याचा चेहरा आठवत नव्हता. मी माझी बोटं त्या खाचांत बसवून पाहिली. जवळजवळ बसली. ते ढेकूळ मी मायला दाखवलं नाही. नवीन भिंतीत खाली, कोपऱ्यात, ठसे वरच्या बाजूला ठेवून बसवून टाकलं.

सुतारानं रिठदहून चौकट आणून बसवली तेव्हा गल्लीतली माणसं बघायला जमली.

"बायको माहेरी अन् खिडकी सासरी!" शेजारचा म्हातारा म्हणाला.

"कायले हसता? धूर बाहीर जाईन."

"धूर जाईन का नाही ते देवाले माहीत. पन आता तुह्या घरात काय शिजते ते आमाले समजीन."

मलाही हसू आलं. खिडकीखाली बाहेरच्या अंगाला, सांदवाडीत, मी ओटा घालायला घेतला. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. ओट्यावर ती बसेल, लेकराला उन्हात घेऊन बसेल, असं डोक्यात होतं. भर म्हणून जुन्या भिंतीची कोरडी माती आत लोटली. बाजूच्या भिंतीवर शेणाच्या दहाबारा वाळलेल्या चकत्या चिकटलेल्या होत्या, चांदकीएवढ्या, म्हणजे लहान भाकरीएवढ्या. मला वाटलं, गोवऱ्या थापताना उरलेलं शेण कुणी फासून ठेवलं. सगळ्या चकत्या खुरप्यानं खरवडल्या आणि त्याही भरात टाकल्या. वरून चोपून घेतलं. मग पांढऱ्या मातीनं भिंत अशी सारवली की उन्हात तिच्याकडे बघवत नव्हतं.

खिडकीच्या कडा सारवत होतो तेव्हा केनवडकडून माणूस आला. मुलगा झाला होता. नऊ दिवस जगला.

मी हात धुतले नाहीत. कालवलेली माती वाळून जाईल म्हणून आधी ती कडा पुरी केली. माय दारात उभी राहून बघत होती. ती तेव्हाही काही बोलली नाही आणि मरेपर्यंत बोलली नाही. एकदा तरी बोलली असती, बापू, मी सांगितलं होतं, तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

चैत्र लागता लागता बायको परत आली. गाडीतून उतरली, घरात गेली. खिडकीतून चुलीवर ऊन पडलं होतं. मी मागे उभा होतो. म्हणेल, काही तरी म्हणेल. ती खिडकीपाशी गेली, बाहेर बघितलं आणि तशीच मागच्या दारानं सांदवाडीत गेली. बाजूच्या भिंतीवरून हात फिरवत राहिली.

"इथं चकत्या होत्या."

"शेनाच्या? त्या खरवडल्या. घान दिसत होती."

"त्यात बी होतं." ती भिंतीकडेच बघत बोलली. "माह्या मायनं देल्लं होतं. दोडक्याचं, कोहळ्याचं."

आमच्या घरी बी मडक्यात राखेत ठेवायची रीत. तिच्या माहेरी ताज्या शेणात बी दाबून चकती भिंतीवर थापतात, पेरणीपर्यंत किडा लागत नाही. मला हे माहीत असायचं कारण नव्हतं, असं मी तेव्हा म्हणालो. तिची माय आदल्या वर्षीच वारली होती, हे मात्र मला माहीत होतं.

ती रागावली नाही. काम करत राहिली. पण धूर खिडकीतून बाहेर जात होता, घर स्वच्छ होतं, आणि ती तरीही पदरानं डोळे पुसत होती. आता मला धुराचं नाव सांगता येत नव्हतं. गावात कुणी खिडकीचं कौतुक केलं की मी तिच्याकडे बघायचो. ती पाण्याला निघून जायची.

वैशाखात आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, तिचा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. सणाला माहेरी जातातच पोरी. पण तिनं गाठोडं बांधलं त्यात पावसाळ्याची घोंगडीसुद्धा होती. चार दिवसांच्या सणाला घोंगडी कुणी नेत नाही. मायनंही ते बघितलं.

त्या संध्याकाळी ती ओट्यावरच्या रांजणातून पाणी घ्यायला गेली आणि तिथंच उकिडवी बसली. रांजण झिरपायचा. त्याच्या खाली ओट्याला चीर गेली होती आणि चिरेतून कोहळ्याचा कोंब वर आला होता. जाड, वाकलेला, दोन पानं अजून मिटलेली आणि बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकलेलं. तिनं ते टरफल नखानं हळूच काढलं आणि हसली. मी सांगतो, हसली. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात हसायची तशी. मग लगेच तोंड पदरात घेतलं आणि किती तरी वेळ तिचे खांदे हलत होते. मुलगा गेल्यावर ती आमच्या घरात मोकळं रडली ती तेव्हाच.

थोड्या वेळानं म्हणाली, "अजी, ओटा फोडू काय? आत अजून असंन. मी सोबत घेऊन जातो."

सोबत घेऊन जातो, असं म्हणाली, म्हणजे पेरणीही तिकडंच. मला तेवढंच ऐकू आलं.

"माह्या ओट्याले कोनी हात लावाचा नाही."

"कोंब मरीन इथं."

"मरू दे."

हा शब्द तोंडातून गेला. तो तिनं कसा ऐकला असेल ते मला तिथल्या तिथं समजलं. ती उठली, घागर कमरेवर घेतली आणि आत गेली. तेव्हा मागे जाऊन मला म्हणता आलं असतं, चुकलं. दारापर्यंत तीन पावलं होती. मी ओट्यावर बसून राहिलो.

दिवाळीला ती परत आली. पुढं आम्हाला चार लेकरं झाली. खिडकी आजही आहे, जाळी बसवून. बायकोला जाऊन आता सहा वर्षं झाली. सगळं आयुष्य तसं नीटच गेलं. पण मनात उरली आहे ती ओट्यावरच्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

उजाडताच मी कुदळ घेतली आणि माझा ओटा माझ्या हातानं फोडला. कोंब मातीसकट उचलून फुटक्या गाडग्यात ठेवला. भरातली माती सुपात घेऊन पाखडली. चकत्यांचे तुकडे झाले होते, पण बी बरंच शाबूत होतं. गोठ्यातून ताजं शेण आणलं, बी दाबलं, आणि त्या पांढऱ्याफेक भिंतीवर चकत्या थापायला लागलो. गल्लीतून जाणाऱ्या बायका थांबल्या. एक म्हणाली, "अवं माय, पाहा वं, गडी शेन थापून राह्यला!" मी मान वळवली नाही.

तिचा भाऊ बैल जुपत होता. "निघाचं ना, बाई?"

ती गाठोडं घेऊन बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. माझी एक चकती घसरून खाली पडली.

"शेन पातय हाय तुमचं," ती म्हणाली.

खाली वाकून तिनं पडलेली चकती उचलली, दोन्ही हातांत दाबली आणि माझ्या चकत्यांच्या शेजारी लावली. माझ्या पंजाच्या निम्मीच झाली. मग रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, गाडगं उचललं आणि गाडीत जाऊन बसली.

मी शेणात कुटार मिसळलं, घट्ट केलं, आणि उरलेलं बी थापत राहिलो.